वाकडं अंगण

माझा भाचा पुण्याला असतो. तसे सगळ्यांचेच भाचे पुण्याला असतात. पण माझा भाचा पुण्याला राहून गोल्फ खेळतो. गेल्या दिवाळीत तो साताऱ्याला आला, तेव्हा त्याच्या गाडीच्या डिकीतून कपड्यांच्या बॅगांआधी एक लांबलचक पिशवी बाहेर आली आणि तिच्यातून खडखडत दहा-बारा काठ्या निघाल्या. शेजारच्या काकूंना वाटलं, पोरगं कासच्या पठारावर तंबू ठोकायला चाललंय.

"मामा, ह्या काठ्या काढून टाकायच्या आहेत," भाचा चहा पिता पिता म्हणाला. "कुणी गिऱ्हाईक असेल तर सांगा."

"का रे? मोडल्या?"

"मोडल्या नाहीत, पण स्टँडर्ड आहेत. आता मी मापाच्या करवून घेतोय."

गोल्फच्या काठीला माप असतं हे मला ठाऊक नव्हतं. काठी उचलावी, चेंडूला हाणावी, एवढीच माझी कल्पना. गुरं राखणाऱ्या पोरापाशी असते तेवढीच. पण भाच्याने मला तासभर बसवून शिकवलं. आधी तुमची उंची घेतात. मग उभं करून मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजतात. पंजा मोजतात. काठीचं डोकं जमिनीवर सपाट बसतं की कलतं ते पाहतात, कारण ते एखादा अंश कललं तरी चेंडू भलतीकडे जातो म्हणे. काठीचा दांडा किती लवावा हेही ठरवतात. मग पडद्यासमोर चेंडू मारायला लावतात आणि यंत्र आकडे सांगतं. अमेरिकेत कार्स्टन सोल्हाइम नावाचा इंजिनियर होता. त्याच्या 'पिंग' कंपनीने १९७२ साली काठ्यांवर रंगीत ठिपके द्यायला सुरुवात केली. ठिपक्याच्या रंगावरून काठी किती अंशांनी कललेली आहे ते कळतं. म्हणजे आपल्याकडे रास बघून खडा देतात, तसं तिकडे मनगट बघून ठिपका देतात.

"किती दिवस खेळतोयस?" मी विचारलं.

"झाले की सात-आठ महिने."

"आणि चेंडू कुठे जातो?"

"उजवीकडे." तो जरा थांबला. "म्हणजे बहुतेक वेळा उजवीकडे. कधी कधी डावीकडे."

"मग माप कुठल्या बाजूचं घेतलं?"

ह्यावर तो हसला आणि त्याने किंमत सांगितली. त्यानंतर मी हसलो नाही. माझ्या जिभेवर एक म्हण आली होती: नाचता येईना, अंगण वाकडं. पण मी ती गिळली. कारण भाच्याच्या पाठीमागच्या कोपऱ्यात गवसणी घालून आमचा तंबोरा उभा होता आणि तो माझ्याकडे पाहत होता.

हा तंबोरा माझ्या वडिलांचा. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी गाणं शिकायला लागलो. निवृत्त माणसाने एक तर बागकाम करावं, नाही तर गाणं शिकावं. बागकामाने कंबर दुखते, गाण्याने शेजाऱ्यांचं डोकं दुखतं. मी दुसरा मार्ग पत्करला. चार वर्षं झाली, सूर काही लागेना. गुरुजी सज्जन, ते काही बोलत नाहीत, फक्त मी गायला लागलो की खिडकीबाहेर बघतात. शेवटी माझ्या लक्षात आलं की दोष तंबोऱ्याचा आहे. वडिलांच्या गळ्याला जुळलेला तंबोरा माझ्या गळ्याला कसा जुळावा? आपल्याला आपल्या मापाचा तंबोरा हवा, आणि तो मिरजेहूनच करवून घ्यायला हवा. हा बेत मी दोन महिने मनात घोळवत होतो. भाच्याच्या काठ्यांना हसण्याचा नैतिक अधिकार मला नव्हता.

वास्तविक हौशी माणसाच्या ह्या मापाच्या दुखण्याची सातारा-सांगलीकडे जुनी परंपरा आहे. सांगलीला कृष्णाजी बल्लाळ देवल म्हणून निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. साताऱ्याला क्लेमंट्स नावाचे आय.सी.एस. साहेब न्यायाधीश होते. एकाने आयुष्यभर शेतसारा मोजलेला, दुसऱ्याने शिक्षा मोजलेल्या. दोघांना गाण्याचं विलक्षण वेड. आपली बाजाची पेटी सप्तकाचे बारा सारखे तुकडे करते, त्यामुळे तिच्यावरचा शुद्ध गंधार खऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा बोलतो, ही गोष्ट ह्या दोघांच्या जिवाला लागली. मग मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीने देवलांनी बावीस श्रुती मोजल्या. त्यांचं पुस्तक १९१० साली निघालं, क्लेमंट्ससाहेबांचं १९१३ साली. दोघांनी त्या मापाची श्रुती-पेटी थेट इंग्लंडातून करवून घेतली. १९१६ साली बडोद्याला संगीत परिषद भरली, तिथे ह्या मापांचा बराच खल झाला.

पुढे काय झालं? श्रुती-पेटी घराघरांत गेली नाही. घराघरांत गेली ती चढ्या गंधाराची, स्टँडर्ड मापाची, बारा सुरांची पेटी. आकाशवाणीने १९४० साली तिला दारात उभं करायचं नाही असं ठरवलं, ते दार १९७१ साली किलकिलं झालं. पण मधल्या तीस वर्षांत भजनी मंडळांनी, शाळांनी आणि तमाम नाट्यवेड्या महाराष्ट्राने तिची साथ सोडली नाही. त्यांना गंधाराचं ते किंचितसं चढेपण ऐकूच येत नव्हतं. आणि ज्याला फरक ऐकू येत नाही, त्याला फरक नसलेली पेटी देऊन उपयोग काय?

म्हणजे निकाल भाच्याच्या विरुद्ध आणि माझ्याही विरुद्ध लागत होता. स्पेनचा सेव्ह बॅलेस्टेरॉस लहानपणी समुद्रकाठच्या वाळूत एकाच जुन्या काठीने, तीन नंबरच्या लोखंडी काठीने, खेळायला शिकला आणि १९७९ साली ब्रिटिश ओपन जिंकून बसला. त्या काठीवर कुठल्या रंगाचा ठिपका होता ते कुणी विचारत नाही. शिवाय माप घ्यायचं ते कशाचं? भाच्याचा हात रोज वेगळा फिरतो. माझा षड्ज सकाळी एक असतो, चहानंतर दुसरा. ज्याला अजून आकारच आलेला नाही, त्याचं माप शिंप्याने घ्यावं कसं? लहानपणी आमचे सदरे वाढत्या अंगाचे शिवत, ते काही उगीच नव्हे.

इतकं सगळं कळूनही मी मिरजेला गेलो. कळणं आणि वळणं ह्यांच्यात साताऱ्याचं गाव आणि साताऱ्याचं स्टेशन ह्यांच्याइतकं अंतर आहे.

कोयना एक्सप्रेसने निघालो. बरोबर 'ही' होती, कारण सांगली तिचं माहेर. आणि तंबोरा होता, कारण त्याचे दोष तज्ज्ञाला दाखवायचे होते. आगगाडीत तंबोरा नेणं म्हणजे लग्न झालेली मुलगी सासरी पोचवण्यापेक्षा अवघड. त्याला आडवा ठेवता येत नाही, उभा ठेवला तर लोक टेकतात. एका गृहस्थाने आत दुधी आहे का म्हणून विचारलं. सगळा प्रवास हिने त्याचा भोपळा मांडीवर घेऊन केला. मी खिडकीपाशी बसून आपल्या भावी तंबोऱ्याचा विचार करत होतो.

सांगलीला मेव्हण्याकडे मुक्काम केला, भडंग खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत गेलो. इथले पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. १८५०च्या आसपास फरीदसाहेबांनी वाद्यं करायला सुरुवात केली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच चालू राहिलं. तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही, तंबोऱ्यांना उरलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

दुकानात छताला भोपळे टांगले होते. खाली भुश्श्यात एक वयस्कर चाचा मांडी घालून बसले होते. मी माझी मागणी सविस्तर सांगितली.

"भोपळ्याला ऑर्डर देता येत नाही, साहेब," ते म्हणाले. "पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो तो. वेलीवर जेवढा होईल तेवढा. मग त्याच्या अंगानं दांडी करायची. बरं, पट्टी कोणती आपली?"

"कुठलीही चालेल," मी उदारपणे म्हणालो.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. चपलांच्या दुकानात जाऊन 'कुठल्याही नंबरची द्या' म्हणणाऱ्याकडे पाहावं तसं. मग म्हणाले, "जरा सा लावा."

मी लावला. ते खिडकीबाहेर बघू लागले. ही दृष्टी माझ्या ओळखीची होती.

मग त्यांनी वडिलांचा तंबोरा जवळ घेतला, गवसणी काढली, घोडी निरखली आणि कानस घेऊन बसले. घोडीचा माथा हलक्या हाताने घासायचा, तारेखाली सूत सरकवायचं, छेडायचं, ऐकायचं, पुन्हा घासायचं. ह्याला जवारी काढणं म्हणतात. ह्याला माप नाही, कान आहे. अर्ध्या तासाने त्यांनी तार छेडली आणि आमचा तंबोरा असा बोलला, की वडील गेल्यापासून तो तसा बोललाच नव्हता.

"ह्याला काही झालेलं नाही," चाचा म्हणाले. "जवारी उतरली होती. काळी एकचा आहे, तुमचीही पट्टी तीच. वाद्य तुमच्याच मापाचं आहे, साहेब. नवं कशाला करता? आणखी दोन-तीन वर्षं ह्याच्यावरच गा."

खटला निकालात निघाला होता. मी गवसणी उचलणार, तेवढ्यात माझ्या पाठीमागे ही अगदी हळू, स्वतःशीच, गुणगुणली. तंबोरा घुमत होता म्हणून असेल. चाचांनी मान वळवली.

"वहिनी गातात?"

"छे हो. माझा गळा नाही," ही म्हणाली. "लग्न झाल्यावर थोडे दिवस शिकले होते."

"कशावर?"

हिने आमच्या तंबोऱ्याकडे बोट दाखवलं.

"ह्याच्यावर?" एवढंच म्हणून चाचा गप्प झाले. मग उठून त्यांनी भिंतीवरचा एक लहान तंबोरा काढला. दांडी आखूड, भोपळा लहान, तारा बारीक. तो त्यांनी काळी चारला लावला आणि हिच्यासमोर ठेवला. "आता लावा सा."

बराच वेळ ती बसून राहिली. मग तिने सा लावला.

हा आवाज मी चाळीस वर्षं ऐकतोय. दूधवाल्याशी हिशोब करताना, मुलांना हाका मारताना, आरती म्हणताना. पण हा आवाज मी ऐकला नव्हता. तो कुठेही न धडकता वर गेला, तिथे थांबला, आणि खाली आला तेव्हाही त्याला कुठे ठेच लागली नाही.

"बायकांच्या गळ्याला काळी एक कशी जमेल?" चाचा मला समजावून सांगत होते. "खालचा सा लागत नाही, वरचा धरला तर तार सप्तकात आवाज फाटतो. तो तंबोरा फार तर पट्टी-दोन पट्ट्या चढवता येईल, त्यापुढे तारा तुटतील. त्याला हे लहान वाद्यच पाहिजे."

मला सगळं आठवत होतं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष. वडील हौसेने सुनेला संध्याकाळी तंबोऱ्यापाशी बसवायचे. ती वर जाताना चिरकायची, खाली येताना विझायची. वडिलांनी, आईने, शिकवायला येणाऱ्या गुरुजींनी आणि मी, सर्वानुमते निर्णय दिला, की सूनबाईला गळा नाही. तिची पट्टी कोणती, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तंबोरा घरात होता, तो काळी एकला लागत होता, म्हणजे गाणं काळी एकमध्ये असतं, इतकं ते साधं होतं. एकदा ती घाबरत म्हणाली होती, "हा मला उंच पडतो हो." तेव्हा बैठकीत पाहुणे होते, मी तरुण होतो आणि विनोदी समजला जात होतो. मी एक म्हण म्हटली. सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर ती तंबोऱ्यापाशी बसली नाही, त्याची धूळ मात्र तीच पुसत आली.

परतीच्या गाडीत तंबोरा मी मांडीवर घेतला. कऱ्हाड मागे पडल्यावर ही म्हणाली, "तुम्ही तेव्हा एक म्हण म्हणाला होता."

"कोणती?"

"राहू दे," ती म्हणाली आणि तिने भडंगाची पुडी सोडली.

तेव्हापासून मी त्या म्हणीचा विचार करतोय. ही म्हण नाचणाऱ्याने केलेली नसणार. ती अंगणाच्या मालकाने केली असणार. अंगण वाकडं आहे असं नुसतं म्हणण्याचीही सोय तिने ठेवलेली नाही. म्हणालात तर तुम्हाला नाचता येत नाही हे सिद्धच झालं!

आणि स्टँडर्ड म्हणजे तरी काय? आपल्याला वाटतं, स्टँडर्ड म्हणजे कुणाच्याच मापाचं नसलेलं. तसं नसतं. ते कुणाच्या तरी मापाचंच असतं, फक्त तो माणूस समोर नसतो. आमच्या घरातलं स्टँडर्ड वडिलांच्या गळ्याचं होतं. दुकानात टांगलेली पुरुषी काठी मध्यम उंचीच्या पुरुषाच्या अंगाची असते. ज्याचं अंग त्याच्याशी थोडंफार जुळतं, त्याने एखाद्या अंशाच्या कलासाठी हजारो रुपये मोजले तर त्याला माप नको असतं, निमित्त हवं असतं. मिळालं तर मिळो, पण खेळ त्याने सुधारेल असं नाही. हौशी हाताची चूक त्या अंशापेक्षा कितीतरी मोठी असते. पण ज्याचं अंगच वेगळं आहे, जो ठेंगणा आहे, डावरा आहे, ज्याच्या गळ्याची पट्टी चार घरं पलीकडे आहे, त्याच्या बाबतीत माप ही चैन नाही. तिथे माप नाकारणं हा अन्याय आहे, आणि तो करणाऱ्याला आपण केला हे चाळीस वर्षं कळतही नाही.

अडचण अशी, की ह्या दोघांतला फरक ओळखायचा कसा? मी माझ्यापुरती एक खूण ठरवली आहे. चार वर्षं तंबोऱ्याच्या नावाने मी कुरकुरत होतो. तंबोरा माझ्याच मापाचा निघाला. जी एकदाच बोलली आणि गप्प बसली, तिला तो बसत नव्हता. ज्याला साधन खरंच बसत नाही, तो साधनाला दोष देत नाही. तो म्हणतो, मला गळा नाही. म्हणून मापाची पट्टी काढली, की आधी गप्प बसलेल्याकडे जावं. माप घेणं म्हणजे शेवटी काय, तर माणसाला विचारणं. चाचांनी दोन शब्दांत विचारलं. आमच्या घरात ते कुणी विचारलं नाही.

परवा भाच्याचा फोन आला. त्याच्या मापाच्या काठ्या आल्या होत्या.

"आता चेंडू कुठे जातो?"

"उजवीकडेच, मामा. पण जास्त लांब जातो."

"आणि जुन्या काठ्या? गिऱ्हाईक मिळालं?"

"नाही ना. म्हटलं, घरातच वापरू. हिला दिल्या. पण तिला काही गोडी नाही त्यात. चार वेळा आली आणि म्हणाली, मला नाही जमत."

माझा भाचा सहा फुटी आहे. भाचेसून माझ्या खांद्याला लागते.

"तिची उंची किती रे?" मी विचारलं.

"पाच फूट... का?" तो म्हणाला आणि गप्प झाला. तोही बराच वेळ. भाचा तसा हुशार आहे, पुण्याला राहतो.

हिच्या तंबोऱ्याला अजून दोन महिने लागतील. भोपळा निवडून झालाय, तो हिने स्वतः निवडला. तोवर मेव्हण्याने एक लहान तंबोरा उसना मिळवून दिलाय, त्यावर ती सकाळी सहाला बसते. शेजारच्या काकूंनी परवा कोण गात होतं म्हणून विचारलं. माझ्याबद्दल त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. त्यांना माहीत होतं.

तिचं झालं की मी बसतो. जवारी उत्तम आहे, पट्टी बरोबर आहे, तारा नव्या आहेत. तरी सूर लागत नाही. खूप विचार केल्यावर अलीकडे मला वाटू लागलंय, की आमच्या माजघराच्या फरशीलाच दक्षिणेकडे किंचित उतार आहे.